दोन घरांचा आड

घंटेकर गल्लीनं रत्नव्वा घुगरेकडं पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ती गल्लीत येऊन चाळीस वर्षं होऊन गेली होती. थंडीचे दिवस होते. गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक संडासापुढं पुरुषांची सकाळची रांग लागली होती, आणि रांगेच्याही पुढं, बंद दाराला पाठ लावून, डोक्यावर पदर घेतलेली एक ठेंगणी बाई उभी होती. कुणी पुढं सरकला की ती हात आडवा करायची.

"पावणं, कडी वाजवू नगासा. आत आमचं माणूस हाय. त्यास्नी येळ लागतोय."

रांगेतला एक जण म्हणाला, "आजी, ही गड्यांची बाजू हाय."

"ठावं हाय की. माझा गडी आत हाय म्हणून तर हुबी हाय. तुझा आत असता तर तू हुबा ऱ्हायला असतास."

लोक हसले. मग दार उघडलं आणि भरमाप्पा बाहेर आले. ते दिसताच हसणारे गप्प झाले. शाहूपुरीतल्या गूळ बाजारात ज्या माणसानं पस्तीस वर्षं तोलाई केली, ज्याचा वजन पुकारण्याचा आवाज तीन अडत-दुकानांपलीकडं जायचा, त्याचा उजवा हात लोंबकळत होता आणि तोंड एका बाजूला ओढलं होतं. रत्नव्वानं तो हात उचलून स्वतःच्या गळ्यात घेतला, दुसऱ्या हातानं त्यांच्या धोतराचा सोगा सावरला आणि ओल्या पायऱ्यांवरून त्यांना एकेक पाऊल खाली आणलं. भरमाप्पांनी कुणाकडं पाहिलं नाही. रांगेतल्या लोकांनीही मग समोरच्या भिंतीकडं पाहायला सुरुवात केली.

रत्नव्वा गडहिंग्लजच्या खालच्या अंगाची. माहेरी कानडी, सासरी मराठी, हिशेब मात्र अजून कानडीत करायची. लग्न होऊन शुक्रवार पेठेत आली ती या गल्लीत. गल्लीतली घरं एकमेकांना खेटून, खाली घडीव दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, आणि रस्त्याच्या अंगाला सगळ्या घरांवरून सलग गेलेला लाकडी सज्जा. एका घराच्या सज्ज्यावरून निघालेलं मांजर खाली न उतरता शेवटच्या घरापर्यंत जायचं. घुगऱ्यांचं घर मधलं. मागं फरसबंद परसू, आणि परसवाच्या भिंतीत आड.

हा आड दोन घरांचा. अर्धा घुगऱ्यांकडं, अर्धा शेजारच्या हुपऱ्यांकडं. दोन परसवांमधली भिंत आडावर येऊन थांबते, आडापुरती कमानीवर उचललेली आहे, आणि पलीकडं पुन्हा जमिनीला टेकते. त्यामुळं इकडच्या बाईला तिकडच्या बाईचं तोंड दिसत नाही, पण पाण्यात दोघींचीही दिसतात. हुपऱ्यांची अंजना जैनांची, वयानं रत्नव्वापेक्षा थोडी लहान, तिला अक्का म्हणणारी. दोघींची सगळी जन्माची बोलणी या आडावरून झाली. बाळंतपणं, सासूची बोलणी, कुणाच्या पोराचं कुणाशी जमलं ते. रत्नव्वा पाण्याकडं बघून बोलायची, अंजना पाण्याकडं बघून हसायची.

नळ आल्यावर गल्लीतल्या बाकीच्या घरांनी आपापले आड बुजवले. हा राहिला तो अंजनामुळं. चातुर्मासात पेठेत मुनिमहाराज आले की त्यांच्या आहाराला नळाचं पाणी चालत नाही. आडाचंच लागतं, हातानं ओढलेलं, जाड फडक्यातून गाळलेलं. आणि गाळून फडक्यात जे राहील ते पुन्हा त्याच आडात अलगद सोडायचं, म्हणजे त्यातला जीव मरत नाही. महापुरात दोन वेळा नदीचं पाणी गल्लीत शिरलं, आड गाळानं भरला. दोन्ही वेळा हुपऱ्यांनी इंजिन लावून उपसून घेतला. रत्नव्वा तेव्हा घमेली उचलायला उभी होती.

दुसऱ्या पुरानंतर गल्लीचं नशीब उघडलं असं सगळ्यांना वाटलं. जुनी पेठ जपायची एक योजना आली आणि घंटेकर गल्लीची निवड झाली. संयोगिता नावाची एक तरुण वास्तुरचनाकार मुलगी मोजमापं घ्यायला यायला लागली. मंगळवार पेठेतलीच पोर, बोलायला मोकळी. सज्ज्याचे खांब ती हातानं चाचपून बघायची, जशी रत्नव्वा बाजारात वांगी बघते तशी. पहिल्याच दिवशी ती घुगऱ्यांच्या पुढच्या सोप्यात बसून म्हणाली होती, "मावशी, गल्ली जपायची म्हणजे आधी तुम्हाला इथं नीट राहता आलं पाहिजे. माणसं निघून गेली तर नुसतं लाकूड जपून काय करायचं?" रत्नव्वाला हे वाक्य फार आवडलं. तिनं ते रात्रीच्या जेवणाला भरमाप्पांना सांगितलं, दुसऱ्या दिवशी आडावरून अंजनाला सांगितलं. ठरल्याप्रमाणं आधी रस्त्याखालून मैलापाण्याची लाइन, मग घरोघर संडास, मग भिंतींना चुन्याचा गिलावा आणि सर्वांत शेवटी रस्त्याला दगडी फरशी, असं होणार होतं.

झालं उलटं. कुठल्या तरी कचेरीत मार्चअखेर आला, फरशीचे पैसे खर्ची पडायला हवे होते, आणि गल्लीत ट्रकनं काळा दगड येऊन पडला. लाइन पुढच्या टप्प्यात गेली. फरशी सुरेख झाली, भिंतींना गिलावाही झाला. लोक संध्याकाळी फोटो काढायला येऊ लागले. ठेकेदाराची हमी संपेपर्यंत त्या फरशीला कुणी पहार लावायची नाही, असा नियमही झाला.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात भरमाप्पांचं उजवं अंग गेलं.

रत्नव्वाला त्यानंतर एकच गोष्ट हवी होती. घरात, परसवात, नवऱ्याला बसता येईल असा एक संडास. भरमाप्पा जन्माचे टेकीचे. आजारी माणसानं भांडं मागावं आणि बायकोनं ते उचलावं, हे त्यांना जमत नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर एकदा तो प्रसंग आला, तेव्हा ते दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. म्हणून मग ती रोजची गल्लीच्या टोकापर्यंतची वारी, ती रांग, त्या पायऱ्या. दोनदा ते घसरले. दुसऱ्यांदा पडल्यावर पडल्या जागेवरूनच म्हणाले, "मला बाजारात घेऊन जा नि पारड्यात टाक. जे वजन भरंल त्यात देऊन टाक." जवळचे लोक हसले, त्यांना वाटलं गडी अजून थट्टा करतोय. रत्नव्वानं त्यांचं तोंड पाहिलं होतं.

तिनं संयोगिताला गाठलं. दारासमोरचे चार दगड उचलू द्या, एक पाइप कोपऱ्यावरच्या मोठ्या लाइनीपर्यंत जाऊ दे, दगड मी स्वतः पुन्हा बसवून देतो, असं तिनं विनवलं. त्या भागातल्या बायका बोलतात तशीच, बोलतो, जातो, देतो. संयोगितानं मान खाली घातली. एकतर फरशी उचलता येत नव्हती. शिवाय रस्ता थरावर थर चढून इतका उंच झाला होता, की परसवातलं पाणी चढावर जाणारच नव्हतं. सगळ्या गल्लीची लाइन खोल घातली तरच जमणार होतं. तिनं वर विचारलं. पुन्हा विचारलं. उत्तर एकच येत होतं, पुढचा टप्पा.

मुलगा सोमेश कागलच्या एमआयडीसीत कामाला, कळंब्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहणारा. तो म्हणायचा, विका ते घर. पण विकायचं कुणाला? योजनेतलं घर पाडता येत नाही, उंच बांधता येत नाही, आणि न पाडता त्यात राहायला कोण येणार?

शेवटी हंबीरराव गवंडी आला. परसवात फिरला, दोन ठिकाणी पहार मारून बघितली आणि म्हणाला, "शोषखड्डा करू की, वयनी. त्या कोपऱ्यात."

"आड हाय न्हवं पलीकडं."

"खाली पाषाण लागतोय. पाषाणातनं पाणी जातंय व्हय कुठं? निवांत ऱ्हावा."

पाषाण होता हे खरंच. फक्त पाणी पाषाणातून खाली जात नसेल तर ते त्याच्या अंगावरून आडवं जाणार, हे हंबीररावाच्या मनात आलं नाही. आणि रत्नव्वाच्या मनात आलं असेल तर तिनं ते तिथं टिकू दिलं नाही. अंजना तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. हंबीररावानं खड्डा काढला, दगड रचले, वर भांडं बसवलं, भिंतीला धरायला लोखंडी कांब लावली आणि पत्र्याचं दार केलं. अंजना परत आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तिनं परसवाच्या भिंतीवरून डोकावणारा पत्रा पाहिला आणि आडावरून म्हणाली, "बरं केलंस अक्का. दादांचे हाल बघवत न्हवते." पाइप कुठं सोडलाय, हे तिनं विचारलं नाही. रत्नव्वानंही लगेच बाळाचं नाव काय ठेवलं ते विचारलं.

ते चार महिने चांगले गेले. भरमाप्पा कांब धरून स्वतःचे स्वतः जायला लागले. डाव्या हातानं दाढी करायला शिकले, गालावर दोन-चार ठिकाणी कापून घेऊन. भाकरी मागून घ्यायला लागले. एकदा सोप्यात बसून त्यांनी समोरून चाललेल्या फोटोवाल्यांना हाक मारून सांगितलं, की आमच्या घराचा खरा फोटो मागच्या बाजूला हाय, या दावतो. रत्नव्वा पदरात तोंड खुपसून हसली.

मग पावसाळा लागला, आडाला पाणी चढलं. मुनिमहाराज चातुर्मासाला पेठेत आले. अंजनाच्या घरी चौका, म्हणजे महाराजांच्या आहाराचा सोवळ्यातला स्वयंपाक, लावायचं ठरलं. आहाराच्या सकाळी घरची माणसं धुतलेले कपडे नेसून, कलश घेऊन दारात उभी राहतात, महाराज गल्लीतून येतात, आणि ज्या दारी त्यांनी मनात धरलेला नेम जुळेल तिथंच ते आहार घेतात. दिवसातून एकदा. त्यात काही बिघडलं तर तसेच उठून जातात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीही घेत नाहीत. अंजना आठ दिवस स्वयंपाकघर घासत होती. भांड्यांचा आवाज रत्नव्वाला भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

आदल्या संध्याकाळी रत्नव्वा परसवात तांब्या विसळायला गेली आणि आडाजवळ थबकली. वास होता. तिनं पोहरा सोडला, पाणी वर घेतलं, ओंजळीत घेऊन नाकाशी नेलं. ओतून दिलं. पुन्हा घेतलं. पाणी डोळ्याला स्वच्छ दिसत होतं, पण वास तोच होता आणि तो कशाचा आहे ते तिला कळत होतं.

ती तिथंच आडाच्या काठावर बसली. काय काय करता येईल ते तिनं मनात फिरवून बघितलं. उंदीर पडलाय म्हणून सांगावं? मग उपसतील, आणि चार दिवसांत पुन्हा तेच. काहीच बोलू नये? पाऊस मोठा आहे, उद्यापर्यंत वास जाईलही. कदाचित अंजनाला येणारही नाही. आणि नाही आला तर ते पाणी महाराजांच्या ओंजळीत पडेल.

उठून ती आत गेली आणि नवऱ्याला सांगितलं. तिला वाटलं होतं, हा माणूस जन्मभर तराजूच्या काट्याशी उभा राहिला, कुणाचा छटाक इकडचा तिकडं केला नाही, तो म्हणेल सांगून टाक.  भरमाप्पांनी चांगल्या हातानं तिच्या मनगटाला धरलं.

"रत्ना, सांगू नगं."

लग्न झाल्यापासून त्यांनी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. अगं, ऐकलं का, एवढंच.

"मला पुन्ना तकडं नेऊ नगं. तुझ्या पाया पडतो. सांगू नगं."

ती रात्रभर त्यांच्या शेजारी बसली. त्यांनी मनगट सोडलं नाही. पहाटे त्यांना डोळा लागला, तेव्हा तिनं हात सोडवून घेतला.

उजाडताना हुपऱ्यांच्या बाजूला कडी वाजली. अंजना सोवळ्यात होती, ओल्या केसांनी. आडात तिचं तोंड दिसलं, मग पोहरा दिसला, काठाला टेकवलेला.

"अंजना, पोहरा सोडू नगंस."

"का गं अक्का?"

"आड बाटलाय. आमच्या खड्ड्याचं पाणी उतारलंय त्यात."

 रत्नव्वा पाण्याकडं बघत राहिली. अंजनाचं तोंड पाण्यात तसंच होतं, मग ते मागं सरलं.

"कवाधरनं?" भिंतीआडून तिनं विचारलं.

"काल कळलं."

"काल," अंजना म्हणाली. पुढं म्हणाली, "मी तुला खड्डा कुठं काढलाय म्हणून इचारायला पायजे हुतं. मला इचारू वाटलं न्हाय." मग पोहरा उचलल्याचा आवाज आला आणि दार लागलं.

त्या सकाळी हुपऱ्यांच्या दारात कलश घेऊन कुणी उभं राहिलं नाही. महाराज पुढं गेले. अंजनानं सगळ्यांना अंगात ताप आहे असं सांगितलं, आणि पुढं आठ दिवस खरोखर तापलेल्या माणसासारखी घरात बसून राहिली. घुगऱ्यांचं नाव तिच्या तोंडून कुठंही गेलं नाही. पण आड उपसायचा तर कचेरीला कळवणं आलं, कारण आडही आता जपायच्या वस्तूंत होता. पाण्याचा नमुना गेला. माणसं आली आणि खड्डा बंद करून, वर काँक्रीट ओतून गेली. पत्र्याचं दार तेवढं राहिलं.

संयोगितानं त्या दिवशी खूप धडपड केली. तिनं मागची बाजू मोजली आणि तिला वाट सापडली: हुपऱ्यांचं परसू सखल, त्यामागं महापालिकेचा नाला, नाल्याकडेनं मोठी लाइन. घुगऱ्यांचा पाइप हुपऱ्यांच्या घरातून नेला तर उताराचा प्रश्नच नव्हता. फक्त आड टाळायचा तर तो अंजनाच्या स्वयंपाकघराखालून जाणार होता, जिथं चौका लागतो त्या फरशीखालून. दुसरीकडून न्यायचा तर जुन्या भिंतीचा पाया फोडावा लागला असता, आणि तिला खेटून उभी असलेली पुढची घरंही हलली असती.

"मी विचारू का त्यांना?" संयोगितानं रत्नव्वाला विचारलं.

"इचारू नगंस," रत्नव्वा म्हणाली. "ती न्हाय म्हणाली तर मला सोसंल. व्हय म्हणाली तर तिला सोसायचं न्हाय."

तरी संयोगिता गेली. अंजनानं तिचं ऐकून घेतलं, तिला बसायला पाट दिला, चहा केला. तिचे यजमान महावीर मध्येच म्हणाले, की माणसाची गरज आहे, बघू काहीतरी. अंजना रडायला लागली. आमच्या सासूबाईंनी त्या जागेवर उभ्या जन्मात अनवाणीशिवाय पाय ठेवला नाही, एवढंच ती म्हणू शकली, आणि मग, "अक्काला सांगू नका मी रडलो म्हणून." संयोगितानं ते सांगितलं नाही, पण आडाची भिंत कमानीवर उचललेली आहे, आवाज पलीकडं जातो.

भरमाप्पांनी रत्नव्वाला एक शब्दानंही दोष दिला नाही. त्यांनी जेवण कमी केलं. आधी रात्रीची भाकरी सोडली, मग सकाळची अर्धी केली, मग पाणी मोजून घ्यायला लागले. भूक न्हाय, म्हणायचे. रत्नव्वाला कळायला वेळ लागला नाही. ती ताटापुढं बसून मनधरणी करायची, चिडायची, शिवाची शपथ घालायची. ते डाव्या हातानं ताट हळूच सरकवायचे. एवढा मोठा हाडाचा माणूस, गुळाचे रवे, त्या जड ढेपा, खांद्यावरून उतरवून घेणारा, पितृपंधरवड्यापर्यंत अंथरुणाला चिकटला. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील.

सोमेश रिक्षा घेऊन आला आणि वडिलांना कळंब्याला घेऊन गेला. त्याच्या फ्लॅटमध्ये खुर्चीसारखा कमोड आहे. रत्नव्वानं बरोबर जायला पिशवी भरली होती. पण संयोगितानं खरं ते सांगितलं: पुढच्या टप्प्यात लाइन येईल तेव्हा ती राहत्या घरांनाच मिळणार, कुलूप असलेल्या घराचं नाव यादीतून जातं. गल्लीतल्या तीन घरांचं असं गेलं होतं. नाव गेलं की भरमाप्पांची परत यायची वाट संपली.

रिक्षा सुरू झाली तेव्हा भरमाप्पा म्हणाले, "तू बी बस की."

"येतो मागनं," रत्नव्वा म्हणाली.

पुढचा टप्पा अजून आलेला नाही. संयोगिता आता त्या कामावर नाही, पण अधूनमधून फोन करते. आडावर लोखंडी जाळी बसवली आहे. अंजना वर्षभर आडाकडं आली नाही. दोघी समोरच्या रस्त्यावर भेटल्या की तब्येतीचं विचारतात. गिलावा झालेल्या भिंतीला पावसात पुन्हा ओल येते, रत्नव्वा ती रोज हात लावून बघते.

रोज सकाळी घरातली चूल-झाडलोट उरकून ती कळंब्याची बस धरते. भरमाप्पांना अंघोळ घालते, त्यांना दोन घास भरवते, त्यांचं अंग चेपते, आणि दिवेलागणीच्या आत परत येऊन दार उघडते. बसचा तिच्याकडं महिन्याचा पास आहे.